मजबुरीचे देणे

नववीच्या वर्गात अखलाकचा एक धडा शिकवीत होते. दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीवाचून वापरू नये, एवढाच त्या धड्याचा सारांश. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "टीचर, हमारी बिल्डिंग पे नोटिस लगी है. लोग बोल रहे हैं, जमीन किसी और की थी. तो अब तक घर में जो नमाज पढ़ी, वो हुई कि नहीं?"

वर्ग हसला नाही. हसण्यासारखे काही नव्हतेच. आमच्या शाळेत मुले येतात ती मुंब्रा, कौसा, शीळ आणि दिवा या भागांतून. 'नोटीस' हा शब्द त्यांना पाठ्यपुस्तकातून कळलेला नाही. २०२५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने शीळ परिसरातील १७ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. जमिनीवर आपला हक्क सांगणाऱ्या एका बाईने दाद मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही इमारतींना दिलासा मिळाला नाही. त्या दिवसांत वर्गातली हजेरी घेताना कोण गैरहजर आहे यापेक्षा का गैरहजर आहे, याचीच भीती वाटायची.

मी त्या मुलाला "कल बताती हूँ" म्हणाले आणि घंटा झाली. खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाचे फिकहमधले उत्तर मला माहीत होते. बळकावलेल्या जागेवर नमाज पढली तर ती अदा होते, पण बळकावणाऱ्याला गुनाह लागतो, असे हनफी, शाफई आणि मालिकी फकीहांचे म्हणणे आहे. इमाम अहमद बिन हंबल यांच्या प्रसिद्ध मताप्रमाणे अशी नमाज होतच नाही. नववीच्या मुलाला पहिले मत सांगून बसवता आले असते. पण मला बोलता आले नाही, कारण प्रश्न त्याच्या घराचा होता तसा माझ्याही घराचा होता.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, दाभोळच्या खाडीकाठचे. डी.एड., बी.एड. झालेल्या आमच्या भागातल्या मुली उर्दू शाळांत नोकरी शोधत मुंब्र्यापर्यंत येतात. तशीच मीही आले. पहिली काही वर्षे मुंब्र्यात भाड्याने काढली. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, भाडे वाढायचे, नाहीतर सामान उचलायचे. मग ठाण्यात घर शोधले. फोनवर जागा रिकामी असायची, नाव सांगितले की ती नुकतीच गेलेली असायची. एका एजंटने तर आमचे हित पाहतो आहोत अशा सुरात सांगितले, "ताई, तुम्ही तुमच्या लोकांत राहिलात तर तुम्हालाच बरं." १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला आली, ती याच वाक्याच्या धाकाने. ते वाक्य अजून जुने झालेले नाही.

शेवटी २०१७ साली दिव्यात घर घेतले. अम्मीच्या बांगड्या, माझ्या पतीची दहा वर्षांची शिल्लक आणि नातेवाइकांकडून उसने. बँकेचे कर्ज मिळाले नाही, कारण बँकेला हवे होते ते कागद इमारतीकडे नव्हते. स्टॅम्पपेपरवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला. वन रूम किचन, चौथा मजला. बिल्डरच्या पत्रकावर लिहिले होते, 'खाडीकिनारी, निसर्गाच्या कुशीत'. खिडकीतून खाडी खरोखरच दिसत होती. मला माहेरची आठवण झाली आणि मी हो म्हणाले.

कागद कच्चे आहेत हे आम्हाला माहीत नव्हते का? माहीत होते. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बांधकाम सुरू असलेली एक सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. तेव्हा मी नोकरीत नवीन होते, आणि तो आठवडा मी विसरलेले नाही. तरीही चार वर्षांनी मी कच्च्या कागदावर सही केली. का केली, असे कोणी विचारले तर माझ्याकडे एकच शब्द आहे, मजबुरी. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक घराकडे हाच शब्द आहे. या लेखात मला त्या शब्दाचा हिशेब करायचा आहे.

मजबुरी हा शब्द आपल्या दीनने नाकारलेला नाही. उपाशी मरणाऱ्याला हराम अन्नही खाता येते, अशी सवलत सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत आहे. मात्र तिला दोन अटी आहेत: मनात हव्यास नसावा आणि गरजेची हद्द ओलांडलेली नसावी. उस्मानी तुर्कांच्या काळात, १८६९ ते १८७६ या वर्षांत, हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाची दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या आरंभी काही मूलभूत नियम दिले आहेत. एकविसावा नियम सांगतो की निकड असेल तेव्हा मनाई असलेली गोष्ट करण्याची मुभा मिळते. बाविसावा सांगतो की ती मुभा निकडीपुरतीच मापायची. आणि तेहेतिसावा सांगतो की आपल्या मजबुरीमुळे दुसऱ्याचा हक्क संपत नाही. त्याचे उदाहरण अगदी साधे आहे. भुकेल्या माणसाने दुसऱ्याची भाकरी खाल्ली तर तो पापी ठरत नाही, पण भाकरीची किंमत त्याला नंतर चुकवावीच लागते.

हा तेहेतिसावा नियम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. कारण आपण मजबुरीचा अर्थ नेहमी एकविसाव्या नियमापाशी थांबवतो. मजबूर होतो, म्हणून माफ. पण पाप माफ होणे आणि देणे फिटणे या दोन गोष्टी आहेत. अल्लाह मला माफ करील, अशी मी आशा ठेवू शकते. पण ज्याची भाकरी खाल्ली त्याचे काय?

मग ही भाकरी कोणाची, हे शोधावे लागले.

दिवा म्हटले की लोकांना जंक्शन आठवते. कल्याणकडे जाणारी मुख्य लाइन, वसईकडे फुटणारा फाटा, पनवेल-रोह्याकडे आणि पुढे कोकणात जाणारा फाटा. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते, म्हणून आम्हा कोकणवाल्यांना दिवा परके वाटत नाही. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ मध्ये आली, तेव्हा या रुळांच्या दोन्ही बाजूंना खाजण आणि भाताची शेते होती. दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही आगरी-कोळ्यांची गावे. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाच्या गोड पाण्यावर भात पिकवायचा, उरलेल्या वेळी खाडीत जाळे टाकायचे.

हे काम मला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझ्या नानांचे खारे शेत होते. बांधाला एक उघाडी असते, लाकडी झडपेची. भरती आली की ती मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागली की उघडते आणि पावसाचे साचलेले पाणी खाडीत जाते. बांधात खेकडे बिळे करतात. एक बीळ बुजवायचे राहिले की तिथे खांड पडते आणि एका रात्रीत सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते. म्हणून आमच्या गावात बांधाची राखण एकट्याची नव्हती. भरतीच्या रात्री नाना आणि शेजारचे तांडेल कंदील घेऊन एकत्र फिरायचे. नाना म्हणायचे, "शेजाऱ्याच्या बांधाला खांड पडली म्हणजे आपल्याच बांधाला पडली समज."

दिव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आगरी मावशी मासळी घेऊन बसते. ओळख झाल्यावर एकदा तिने आमच्या इमारतीकडे बोट दाखवून सांगितले, "थं आमचं शेत व्हतं." तिच्या दिरांनी जमीन बिल्डरला दिली. हिला विचारले नाही, हिची सही नाही, हिला पैसा नाही. मी तिला विचारले, तुम्ही कोर्टात का गेला नाहीत? ती म्हणाली, "दिरांबरोबर भांडू की पोरं वाढवू?" म्हणजे तिचीही मजबुरीच. फरक एवढाच की माझ्या मजबुरीला घर मिळाले आणि तिच्या मजबुरीचे घर झाले.

वीतभर जमीन कोणी जुलमाने घेतली तर कयामतीच्या दिवशी सात जमिनींचे जू त्याच्या गळ्यात पडेल, असा इशारा प्रेषित मुहंमद (स.) यांनी दिला आहे. ती हदीस मी वर्गात किती वेळा सांगितली आहे. सांगताना डोळ्यांसमोर नेहमी कोणी जमीनदार असायचा. त्या दिवसापासून तिथे माझी खिडकीही येऊ लागली.

दुसरी धनको म्हणजे खाडी. आमच्या इमारतीच्या मागे अजून थोडी तिवरे उरली आहेत. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. उरलेल्या जागी भराव आहे. तिवरे किनारा धरून ठेवतात आणि खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याला पसरायला ठेवलेली जागा, हे नानांच्या उघाडीने मला शाळेआधी शिकवले होते. किनारपट्टीच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड थांबवली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. २०१८ मध्ये अंतिम निकालातही तेच कायम झाले. त्याच २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मुंबईपासून कल्याणपर्यंत सखल भाग बुडाला होता. पाण्याची जागा आपण घेतली तर पाणी ती परत मागते. मात्र मागायला ते बिल्डरच्या घरी जात नाही, तळमजल्यावर राहणाऱ्याच्या घरी येते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःही घेतला आहे. समुद्रात भराव घालून तर सगळी मुंबईच झाली. सात बेटे जोडली ती भराव घालूनच, नरिमन पॉइंट उभा आहे तोही भरावावरच. तिथे त्याला नगररचना म्हणतात आणि आमच्याकडे अतिक्रमण. ज्यांनी आम्हाला भाड्याने घर नाकारले, ते पक्क्या कागदाच्या घरात राहतात, आणि ज्यांना नाकारले त्यांच्या माथी कच्चा कागद. मग देणे आमचेच कसे?

या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. आम्हाला इथे ढकलणाऱ्यांचेही देणे आहे. नाव ऐकून दार लावणाऱ्याचे आहे. गरिबाला परवडेल असे कायदेशीर घर न बांधणाऱ्या व्यवस्थेचे आहे. बिल्डरचे तर सर्वांत मोठे, कारण तो भुकेला नव्हता. आयतीतल्या हव्यासाच्या अटीवर तो पहिल्याच पायरीला नापास होतो. इमारत पाडताना सर्वांत शेवटी आलेल्या आणि सर्वांत कमी कमावलेल्या माणसालाच शिक्षा होते, हा न्याय अर्धाच आहे, आणि हे आपण मोठ्याने म्हटले पाहिजे. पण दुसऱ्याचे देणे माझ्यापेक्षा मोठे आहे, म्हणून माझे देणे शून्य होत नाही. तसे असते तर मासळीवाल्या मावशीने हिशेब कोणाकडे मागायचा? प्रत्येकजण आपल्यापेक्षा मोठ्या चोराकडे बोट दाखवील आणि तिचे शेत तसेच हवेत राहील.

या विचाराची परीक्षा गेल्या वर्षी आमच्या दाराशी आली. मागच्या तिवरांच्या पट्ट्यात रात्री डंपर येऊ लागले. नवी इमारत उठणार होती. बिल्डरने आमच्या लोकांना निरोप पाठवला की तळमजल्यावर एक मोठी खोली नमाजसाठी दान देईन. आमच्या भागात मशीद लांब आहे, पावसात म्हाताऱ्यांचे हाल होतात. लोक खूश झाले. वर्गणी काढून चटया आणायचेही ठरले.

गच्चीवरच्या बैठकीत बायकांच्या बाजूने मी बोलले. मदिनेत आल्यावर मशिदीसाठी निवडलेली जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची होती, खजूर सुकवायची. ती त्यांनी फुकट देऊ केली. प्रेषितांनी (स.) ती तशी घेतली नाही, किंमत ठरवून घेतली. नव्या गावात आलेल्या, घरदार मागे सोडलेल्या माणसांचे ते सुरुवातीचे बांधकाम होते. त्यांच्याइतके मजबूर कोण होते? तरी जमीन कोणाची, हा प्रश्न आधी आला आणि वीट नंतर. आपण निदान एवढे विचारू या की ही जागा कोणाची आणि तिवरे तोडायची परवानगी कोणी दिली.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक चाचा म्हणाले, "टीचर, आपण ज्या गच्चीवर बसलोय ती तरी कोणाची आहे? आपण खाल्लं, आता दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही म्हणता? त्यांनाही पोरंबाळं आहेत."

या प्रश्नाला त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. तो दुष्टपणाने विचारलेला नव्हता. येणारी माणसेही आमच्यासारखीच असणार होती, उसने पैसे आणि मोडलेल्या बांगड्या घेऊन येणारी. मी आत येऊन दार लावते आहे की काय, असे मलाही वाटले. ज्याने चुकीच्या गोष्टीचा फायदा घेतला, त्याला पुढच्या चुकीबद्दल बोलायचा हक्क उरतो का?

खूप दिवस विचार केल्यावर मला वाटते, उरतो. हक्क म्हणण्यापेक्षा ते त्याच्यावरचे कर्तव्यच असते. कर्जदाराला बाकी काही जमले नाही तरी कर्ज वाढू न देणे त्याच्या हातात असते. शिवाय नव्याने येणाऱ्यांची कड घेऊन बोलायचे तर खरे बोलावे लागेल. त्यांच्या पैशांतून त्यांना घर मिळणार नव्हते, नोटीस मिळणार होती. तिवरे गेल्यावर पहिल्या मोठ्या भरतीला पाणी त्यांच्याच तळमजल्यात शिरणार होते, त्या नमाजच्या खोलीतसुद्धा. त्यांना गप्प राहून येऊ देणे ही मेहेरबानी नव्हती. खांड पडताना पाहूनही कंदील न उचलण्यासारखे ते झाले असते.

सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत शेजाऱ्यांची वर्गवारी आहे. नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि बाजूला असलेला सोबती. हा तिसरा कोण, यावर मुफस्सिरांनी लिहिले आहे की प्रवासात थोडा वेळ आपल्या शेजारी असलेला माणूसही त्यात येतो. दिव्याच्या माणसाला हा अर्थ समजवावा लागत नाही. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान लोकलच्या दारात लटकलेली माणसे खाली पडली आणि काहींचे जीव गेले. गाडीत त्यांची नावे कोणी विचारली नव्हती, खांद्याला खांदा लागलेला होता एवढेच. ज्यांच्याशी आपला खांदा घासतो, त्या सगळ्यांचा आपल्यावर हक्क आहे. मग ज्यांच्या शेतावर आपली चूल पेटते त्यांचा नसेल का? आणि उद्या आपल्या मागच्या खिडकीसमोर राहायला येईल त्याचा?

आम्ही अर्ज केला. सात जणांच्या सह्या होत्या, त्यांत त्या चाचांचीही. तीन आठवडे डंपर आले नाहीत, मग पुन्हा सुरू झाले. आम्ही पुन्हा अर्ज केला. याहून मोठे काही घडलेले नाही. नमाजच्या खोलीचे चटईचे पैसे ज्याचे त्याला परत केले. काही शेजारणी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, आणि त्यांचे मला वाईट वाटते, कारण त्यांच्या सासऱ्यांना खरोखरच पावसात लांब जावे लागते. मासळीवाल्या मावशीच्या जमिनीचा कागद आम्ही दोघींनी तलाठी कार्यालयातून काढला. सातबाऱ्यावर तिच्या नवऱ्याचे नाव आहे. ती काय करायचे ते ठरवील. आमच्या इमारतीच्या विरोधात तिने दावा लावला तर तोही तिचा हक्क आहे, हे मी तिला सांगितले. सांगताना माझे पाय कापत होते, हेही इथे लिहिते.

त्या मुलाला मात्र मी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले होते. त्याला म्हणाले, तुझी नमाज झाली, अब्बा-अम्मीचीही झाली. तुम्ही जमीन हिसकावली नाही, तुम्ही फसवले गेलात. पण जिची जमीन होती तिचे देणे राहिले आहे, आणि ते कोणी आणि कसे फेडायचे, हे मोठ्यांनी मिळून ठरवायचे आहे. त्याने विचारले, "आप की बिल्डिंग का भी, टीचर?"

मी हो म्हणाले. मग तो बसला, आणि मी धडा जिथे थांबला होता तिथून पुढे वाचायला घेतला.